आलो, आले, आलं

२ मार्च २०२५, रविवार

चलन बुकाच्या मागच्या कोऱ्या पानावर आज पाच गावांची नावं लिहिली: पुणे, मुंबई, हैदराबाद, दिल्ली, कोलकाता. पुढे तीन रकाने ओढले. विषय, खर्च, घरची परवानगी. तिसरा रकाना आधी भरायला घेतला आणि तिथंच पेन थांबलं.

कुपवाड एमआयडीसीतल्या फाउंड्रीत डिस्पॅचला बसून मला तीन वर्षं होतील. कुठलं कास्टिंग कुठल्या टेम्पोत चढलं, किती नग, किती वजन, ड्रायव्हरची सही. बी.ए.ला इंग्रजी घेतलं होतं, त्याचा इथं उपयोग एवढाच की चेन्नईच्या पार्टीचा फोन आला की तो माझ्याकडे येतो. बँकेत एक लाख चाळीस हजार साठलेत. एम.ए. करायचं तर आता, नाहीतर लग्नाच्या बोलण्यांत ते वाहून जाईल.

हैदराबाद आणि दिल्ली दहा मिनिटांत खोडली. केंद्रीय विद्यापीठांत जायचं तर सीयूईटीची परीक्षा लागते, तिच्या अर्जाची मुदत फेब्रुवारीतच संपली. मी तेव्हा स्टॉक जुळवत होते. दोष सर्वस्वी माझा. हैदराबादचं जास्त वाईट वाटलं, तिथं भाषाविज्ञान आणि अनुवाद एका केंद्रात नांदतात. मुंबईत कालिन्याला भाषाविज्ञानाचा विभाग आहे, पण कालिन्यात राहायचं कुठं आणि कशावर? मुंबईवर अर्धी रेघ मारली.

उरली दोन. पुण्याचं डेक्कन कॉलेज, भाषाविज्ञानासाठी. आणि कोलकात्याचं जादवपूर, तौलनिक साहित्यासाठी. एक वाक्याची हाडं मोजणार, दुसरं गोष्टीच्या मागे देशोदेशी हिंडणार. मला दोन्ही हवंय आणि दोन्ही एकत्र कुणी देत नाही.

९ मार्च, रविवार

हा नाद कुठून लागला ते लिहून ठेवते, फॉर्ममध्ये विचारतीलच.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षी एका मॅडमनी झेरॉक्स दिली होती. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांचा १९७१चा निबंध. पहिल्याच पानावर 'कुपवार' असं गावाचं नाव. मला वाटलं आठवड्यात आठवा वार निघाला. पुढे वाचते तर सांगली जिल्हा, कर्नाटकाच्या सीमेजवळ, सुमारे तीन हजार वस्ती, जैन-लिंगायत घरात कानडी बोलतात, मुसलमान उर्दू, इतर बहुतेक मराठी. म्हणजे आमचं कुपवाड! जगभरचे भाषाशास्त्राचे विद्यार्थी ज्या गावावर उत्तरं लिहितात तिथं आम्ही राहतो, आणि गावाला त्याचा पत्ता नाही. आता तर गाव महापालिकेत गेलं आणि निम्म्या शेतांवर शेड उभ्या आहेत.

निबंधाचं म्हणणं थोडक्यात असं. पिढ्यान्पिढ्या शेजारी राहून या भाषांचे शब्द वेगळे राहिले, पण वाक्याची ठेवण एक झाली. इतकी, की एका भाषेतलं वाक्य घ्यावं, शब्दाच्या जागी शब्द ठेवावा आणि दुसरी भाषा तयार. घरातली भाषा कुणी सोडली नाही, कारण आपण कोण ते तिच्यावरून ठरायचं. आणि बाहेर तर सगळ्यांशी सगळा दिवस बोलायचंच होतं.

मी लगेच घरात प्रयोग केला. आज्जी म्हणाली, "ऊट माडि बंदे." आई म्हणाली, "जेवण करून आलो." शेजारच्या चाची म्हणाल्या, "खाना खाके आयी." तीन तुकडे, तिन्ही आपापल्या जागी. मी हरखले. मग लक्षात आलं की अलाहाबादचा माणूसही असंच म्हणेल, त्यानं कुपवाड कशाला बघायला पाहिजे? एका वाक्यावर शास्त्र उभं राहत नाही, हा पहिला धडा स्वयंपाकघरात मिळाला.

पण दुसरी गोष्ट जिव्हारी लागली. आज्जी मराठीत बोलते तेव्हा म्हणते, "एसटी आलं", "भाकरी करपलं", "नदी वाढलं." लहानपणी आम्ही भावंडं तिची नक्कल करून हसायचो. कानडीत माणसं तेवढी पुरुष किंवा स्त्री, बाकी सारं जग नपुंसक. निबंधात लिहिलंय की कुपवाडच्या मराठीनं नि उर्दूनंही हीच रीत उचलली. म्हणजे आज्जी चुकत नव्हती. तिचं व्याकरण दुसरं होतं आणि आम्ही सहा वर्षांची पोरं त्या व्याकरणाला दात काढत होतो.

३० मार्च, गुढीपाडवा

गुढी, श्रीखंड, आणि काका.

"भाषाशास्त्र म्हणजे? किती भाषा येतात तुला?"

"तीन. साडेतीन."

"मग शिकायचं काय राहिलं?"

अण्णा काहीच बोलले नाहीत. त्यांचं लेथचं दुकान आहे. ते मशीन बंद झाल्याशिवाय कुठल्या गोष्टीवर मत देत नाहीत.

१० एप्रिल, महावीर जयंती

चिक्कोडीहून मावशी-आज्जी आली होती. दोघी बहिणी रात्री माडीवर पडून कानडीत बोलत होत्या, मी मधे झोपल्याचं सोंग घेऊन. मावशी-आज्जीनं झाड होणाऱ्या मुलीची गोष्ट काढली. गरीब घरची पोर, अंगण सारवून बसते. बहीण तिच्यावर घागरभर पाणी ओतते, पाण्याला नख लागू द्यायचं नाही. पोरीचं झाड होतं, फुलांनी भरलेलं. फुलं खुडायची, पानाला धक्का लावायचा नाही. दुसरी घागर ओतली की पुन्हा पोर.

"फुलं मिरजेच्या लक्ष्मी मार्केटात विकायची," आमच्या आज्जीनं मधेच सांगितलं.

"मिरजेत कशाला? राजाच्या वाड्यावर."

"वाड्यावर नंतर. आधी मिरज."

दोघींचं यावरून पाच मिनिटं चाललं. मग मावशी-आज्जी रुसली आणि झोपली. गोष्ट अर्धीच राहिली.

मला ती पुढे ठाऊक आहे, कारण ए. के. रामानुजन यांनी ती इंग्रजीत लिहून ठेवलीय. ती सांगणाऱ्या बायकाही कर्नाटकाच्या याच अंगाच्या. रामानुजन बेळगावात इंग्रजी शिकवायचे. १९५८-५९च्या सुमारास ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञान करत होते. तिथून अमेरिकेत गेले, पीएच.डी.ही भाषाविज्ञानातच, आणि मग आयुष्यभर वचनं, तमिळ कविता, आज्ज्यांच्या गोष्टी. आमचे भालचंद्र नेमाडेही त्याच कॉलेजातून भाषाविज्ञानाचे एम.ए. आणि पुढे मुंबई विद्यापीठात तौलनिक साहित्याच्या टागोर अध्यासनावर. दोघंही वाक्याच्या वाटेनं गोष्टीकडे गेले. उलट्या दिशेनं गेलेलं कुणी मला अजून सापडलेलं नाही. असेलही.

१८ एप्रिल, शुक्रवार

पहिलीपासून हिंदी सक्तीचा निर्णय निघालाय. टेम्पो भरेपर्यंत गोडाऊनमध्ये त्यावरच भांडण. दोन्ही बाजूंचे लोक मराठी, कानडी, हिंदी आणि शिव्या या चार भाषांत भांडत होते. आमच्या गल्लीतलं पोर शाळेत पाऊल टाकतं तेव्हा तीन भाषा घेऊनच येतं, आणि शाळा पहिलं काम करते ते त्यातल्या दोन बाहेर चपलांपाशी ठेवायचं. यावर कुठल्याच बाजूचा माणूस बोलत नव्हता.

२५ एप्रिल, शुक्रवार

रजा टाकून पुणे. पहाटेची एसटी, स्वारगेटहून पीएमटीनं येरवडा.

डेक्कन कॉलेजची दगडी इमारत दुपारच्या उन्हातही गार होती. १८२१ साली संस्कृत पाठशाळा म्हणून सुरू झालेली संस्था, १९३९ पासून पदव्युत्तर आणि संशोधनाची. संस्कृतच्या मोठ्या कोशाचं काम इथं १९४८ पासून चाललंय. पत्र्याचे खण, खणांत चिठ्ठ्या, अशा सुमारे एक कोटी. प्रत्येक चिठ्ठीवर एक शब्द आणि तो कुठल्या ग्रंथात कसा आला ते. पहिला खंड १९७६ला निघाला, आता तीसहून जास्त झाले आणि अजून 'अ' संपलेला नाही. मी दारातूनच बघितलं. डिस्पॅचच्या माणसाला त्या खणांचं जे वाटलं ते वाङ्मयाच्या माणसाला वाटणार नाही: प्रत्येक नगाला चलन आहे!

भाषाविज्ञानाला असलेली एक मुलगी भेटली, परभणीकडची. तिनं झाडाखाली बसवून अभ्यासक्रम समजावला. स्वनविज्ञान, रूपविचार, वाक्यविचार, अर्थविचार, ऐतिहासिक, सामाजिक, आणि क्षेत्रकार्य, म्हणजे एखाद्या गावात जाऊन बसायचं, ऐकायचं, लिहून घ्यायचं. मग म्हणाली, "जग म्हण."

"जग."

"हे झालं विश्व. आता 'जगणे'मधलं जग."

मी म्हटलं. पहिल्यात जीभ टाळूला, दुसऱ्यात दातांमागे. लिहिताना अक्षर एकच. इतकी वर्षं मी हा फरक करत होते आणि मला ठाऊक नव्हतं. आणि आज्जी तो करत नाही. तिचा 'चार' आणि 'चारा' एकाच जागी सुरू होतात, याचीही आत्ता पहिल्यांदा नोंद घेतेय.

मी उत्साहात माझं घोडं पुढे दामटलं. आम्ही 'करायलोय' म्हणतो ते 'करायला लागलोय'वरून, आणि आज्जीच्या कानडीत 'माडाक हत्तेनि', तिथंही 'हत्तु' म्हणजे लागणं, चिकटणं. तर हे आम्ही कानडीकडून घेतलं का? ती हसली. "असेल. पण तुझ्या आज्जीवरून नाही ठरायचं. चार गावं, वेगवेगळ्या वयाची माणसं, रेकॉर्डिंग आण, मग बोलू." शिवाय कळलं की याच कॉलेजच्या सोनल कुलकर्णी-जोशी पुन्हा कुपवाडला जाऊन आल्यात. चाळीस वर्षांत तिथं काय बदललं आणि 'शब्दाच्या जागी शब्द' हे मुळात कितपत खरं, याची झडती घेणारा त्यांचा निबंध २०१६चा आहे. म्हणजे आमच्या गल्लीत कुणी कागद-पेन घेऊन फिरत होतं आणि मी तेव्हा शाळेत, इंग्रजी व्याकरणाच्या क्लासला.

निघताना ती म्हणाली, "तू मघाशी 'मी पहाटे आलो' म्हणालीस."

आमच्याकडं बायकाही 'आलो, गेलो'च म्हणतात. आई, चाची, मी. लिहिताना मात्र हात आपोआप 'आले' लिहितो, या वहीतसुद्धा. वर वाचून बघितलं: 'हरखले'. बोलले असते तर 'हरखलो'.

४ मे, रविवार

जादवपूरहून एम.ए. केलेल्या एका ताईंशी पाऊण तास फोन. नंबर मॅडमकडून मिळाला.

माझी कल्पना अशी होती, की तौलनिक साहित्य म्हणजे 'बसवण्णा आणि तुकाराम: साम्य आणि भेद', पंधरा गुण. ताई म्हणाल्या, हे सोडून बाकी सगळं. एखादी कथा एका भाषेतून दुसरीत जाताना काय टाकते, काय उचलते. एखादा साहित्यप्रकार दुसऱ्या मातीत का रुजतो नि तिसऱ्या मातीत का नाही. परदेशी पुस्तक इथं आलं तेव्हा लोकांनी ते कसं वाचलं, चुकीचं वाचलं तर त्या चुकीतून काय नवं निघालं. हा विभाग बुद्धदेव बसूंनी १९५६ साली काढला. ते स्वतः कवी आणि बोदलेअरचे अनुवादक. नवनीता देव सेन या पहिल्या विद्यार्थ्यांपैकी, पुढे त्या तिथंच शिकवू लागल्या. आणि त्याच्याही आधी, १९०७ साली, रवींद्रनाथांना 'कंपॅरेटिव्ह लिटरेचर'वर बोलायला सांगितलं तर त्यांनी त्याला 'विश्वसाहित्य' असं आपलं नाव दिलं.

"बंगाली येत नाही मला."

"येईल. मासे खातेस?"

"आम्ही जैन आहोत."

पलीकडे बराच वेळ शांतता.

पुण्याहून आझाद हिंद एक्सप्रेसनं हावडा, दोन रात्री. आईला अजून सांगितलेलं नाही.

आणि मुळात, नोकरी? बी.ए.चे एक सर परवा बाजारात भेटले, म्हणाले, "कंपॅरेटिव्ह करून काय करणार, दोन गोष्टींची तुलना करायला पगार कोण देतं?" दोन कोटेशनांची तुलना करायला देतात, सर, मी गेली तीन वर्षं घेतेय. हे घरी आल्यावर सुचलं. नेहमीसारखंच.

२१ मे, बुधवार

रात्रभर वळवाचा पाऊस, लाइट नाही. सकाळी मोबाइल चार्ज झाल्यावर बातमी: बानू मुश्ताक यांच्या कानडी कथांच्या इंग्रजी अनुवादाला आंतरराष्ट्रीय बुकर. अनुवाद दीपा भास्ती यांचा. कथासंग्रहाला हा मान पहिल्यांदाच.

बानूबाईंच्या घरात दखनी उर्दू आणि लिहिणं कानडीत. चाचींना सांगायला गेले, त्या कपडे आत घेत होत्या. "हमारी बोली बोलती क्या?" "हां." "फिर कानडी में कायको लिखी?" ज्या प्रश्नावर एक अख्खा पेपर निघेल तो चाचींनी ओल्या चादरीच्या दोन पिळांमधे विचारला. निघताना मी "कायको" वहीत टिपलं. कशासाठी टिपलं, पुण्यासाठी की कोलकात्यासाठी, ते सांगता येणार नाही.

२९ मे, गुरुवार

काल केनियाचे लेखक न्गुगी वा थिओंगो गेले. १९६८ साली नैरोबी विद्यापीठात त्यांनी आणि दोन सहकाऱ्यांनी लेखी मागणी केली होती की इंग्रजी विभाग बंद करा, आफ्रिकेचं साहित्य मधे ठेवा आणि बाकीचं जग त्याच्या भोवती. पुढे ते स्वतः गिकुयूत लिहू लागले.

आमच्या बी.ए.च्या पेपरांत एकही कानडी ओळ नव्हती, अनुवादातूनसुद्धा नाही. कर्नाटकाची हद्द कॉलेजपासून तासाभरावर. वर्डस्वर्थची डॅफोडिल्स मात्र तोंडपाठ. ते फूल मी अजून बघितलेलं नाही.

८ जून, रविवार

अण्णांनी मशीन बंद केलं आणि विचारलं, "पुणे की कलकत्ता?"

मी म्हटलं, दोन्हीकडे प्रयत्न करते.

"दोन चकांवर एक जॉब बसत नाही."

"आधी पुणे," माझ्या तोंडून निघालं. कारणही त्याच क्षणी समजलं, आणि ते विद्वत्तेचं नाही. पुस्तकं कुठं जात नाहीत, बुद्धदेव बसूंचा विभाग सत्तर वर्षं थांबलाय, तो आणखी दोन थांबेल. आज्जी चौऱ्याऐंशीची आहे. "भाकरी करपलं" म्हणणारं घरात आता ती एकटीच. ऐकायचं कसं ते आधी शिकायला हवं, आणि लवकर.

अण्णा म्हणाले, "पुण्याचं भाडं मी देतो. फी तुझी." लेथ पुन्हा सुरू.

१४ जून, शनिवार

तरीही जादवपूर सुटत नाही. का, त्याचा पुरावा आज हाती लागला.

काल रात्री आज्जीकडून झाडाची गोष्ट मोबाइलवर रेकॉर्ड केली. बहीण गेल्यावर ती एकटीच सांगणार म्हणून खुशीत होती, मिरजेचं मार्केट तिनं भरपूर रंगवलं. मी ठरवून बसले होते की आपण फक्त क्रियापदांचे शेवट टिपायचे. कानडीत मुलगी आली तर 'बंदळु', झाड आलं तर 'बंतु'. म्हणजे गोष्टीत पोरीचं झाड होतं तेव्हा व्याकरणालाही तिच्याबरोबर बदलावं लागतं. नेमकं कुठल्या शब्दाशी? घागर ओतताना, की पहिलं फूल आल्यावर?

आज्जीचं उत्तर चोख निघालं. पाणी अंगावरून निथळेपर्यंत पोर, मुळं फुटली त्या वाक्यापासून नपुंसक. दुसऱ्या घागरीला परत स्त्री. मी दोन रंगांच्या पेनांनी खुणा केल्या, रकाने ओढले. परभणीची मुलगी खूश झाली असती.

मग पुढचा भाग आला. पोरीचं लग्न होतं, नणंद तिला बागेत नेते, मैत्रिणी फांद्या ओरबाडतात, पानं तोडतात आणि तसंच टाकून घरी जातात. दुसरी घागर ओतायला धड कुणी नाही. आता ती ना झाड, ना बाई. हात नाहीत, पाय नाहीत, तोंड तेवढं बाईचं. गटारात पडून आहे. इथून पुढे माझ्या वहीत काही नाही. दीड पान कोरं. मी टिपायचं विसरून ऐकत बसले होते.

आज सकाळी रेकॉर्डिंग परत लावलं. ती तुटलेली पोर जाणाऱ्या गाडीवानांना हाक मारते, कण्हत पुढे सरकते, त्या वाक्याला आज्जीनं कुठला शेवट लावला? बाईचा की वस्तूचा? अकरा मिनिटं चाळीस सेकंद. पाच वेळा ऐकलं. नेमकी तिथं आईच्या कुकरची शिट्टी आहे.

आज्जीला विचारलं, "तू काय म्हणालीस तिथं, बंदळु की बंतु?"

"मी? काय की."

"आठवून सांग."

"असं आठवतंय होय? गोष्टीत आलं की येतंय."

"मग आत्ता सांग परत, तेवढीच जागा."

"दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतोय. रात्री."

आता साडेअकरा झालेत. फॉर्मची खिडकी उघडून ठेवलीय, 'अभ्यासाचा विषय' या चौकटीत अजून काही लिहिलेलं नाही. आईला सांगून ठेवलंय, संध्याकाळी कुकर लावू नको, भात पातेल्यात कर.